आमच्या जिल्ह्याची लेक : ललिताबाई पवार

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक भगिनींनी केली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम ललिताबाई पवार आल्या. हे नाव ऐकून काही भगिनींच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. खाष्ट सासू म्हटली की हेच नाव ओठांवर यावे, अशी आपणा सर्वांची सवय! ती सवय मलाही होती. म्हणूनच हा लेख एका परीने माझे प्रायश्चित्तही आहे.

आपल्या नाशिकचे आणि चित्रपटाचे नाते फार जुने. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी पहिला चित्रपट काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळाली नाही आणि साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसावे लागले. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी फाळक्यांच्याच पुढच्या चित्रपटात काम केले; परंतु घरंदाज बाईने पडद्यावर यावे, ही गोष्ट त्यानंतरही कित्येक वर्षे समाजाला रुचत नव्हती. अशा त्या काळात, १८ एप्रिल १९१६ रोजी, पैठणीसाठी नावाजलेल्या आपल्या येवल्यात ललिताबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी.

अंबा पडद्यावर आली ती बालवयातच. पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत १९२८ च्या सुमारास तिने लहान मुलांची कामे केली. ते मूकपटांचे दिवस होते. संवाद नाहीत, गाणी नाहीत. जे काही सांगावयाचे ते चेहऱ्याने आणि डोळ्यांनी. त्या शाळेत ही मुलगी तयार झाली व पाहता पाहता नायिका झाली. १९३२ सालच्या ‘कैलास’ या मूकपटात तिने काम तर केलेच, शिवाय त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. त्यावेळी तिचे वय अवघे सोळा! पुढे बोलपट आले. टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवर आधारलेला ‘दुनिया क्या है’ हा चित्रपटही तिने काढला. १९४१ साली मास्तर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये ती चमकली. रूप होते, गळा होता, नाव झाले होते. सारे कसे चढतीचे होते.

आणि १९४२ साली ते घडले. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. प्रसंग असा की नायिकेच्या थोबाडीत मारावयाची. समोर होते भगवान पालव, म्हणजे पुढे सर्वांच्या परिचयाचे झालेले मास्टर भगवान. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण हात जोराचा बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्याला इजा झाली. दीर्घकाळ उपचार चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. वयाची सव्विशी, आणि जिच्या रूपावर सारी मदार त्या नायिकेचे रूपच गेले!

भगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. दुसरी एखादी असती तर तिने आरसा उलटा करून ठेवला असता आणि घराचे दार लावून घेतले असते. ललिताबाईंनी तसे केले नाही. नायिका होता येत नसेल तर आई होईन, आत्या होईन, सासू होईन, पण काम सोडणार नाही, असा निश्चय त्यांच्या पुढच्या सर्व आयुष्यातून दिसतो. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’ चा ‘मा’ करणारी ती पेशव्यांच्या घरची बाई त्यांनी अशी उभी केली की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. ज्या डोळ्याने त्यांचे नायिकापद हिरावून घेतले, तोच बारीक डोळा आता त्यांचे भांडवल झाला.

१९५० साली व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. हुंडाबंदीचा कायदा झाला १९६१ साली. त्याच्या अकरा वर्षे आधी हा चित्रपट आला होता. लोकांनी त्या सासूला मनापासून शिव्या दिल्या. मला वाटते, त्या शिव्या हाच त्या बाईंचा खरा सन्मान होता, कारण त्या शिव्या हुंड्याला होत्या.

पण त्या नुसत्या दुष्ट भूमिकांतच अडकल्या नाहीत. ‘श्री ४२०’ मधली केळी विकणारी मायाळू बाई त्यांचीच. ‘प्रोफेसर’ मधली कडक आणि आतून एकाकी असलेली बाईही त्यांचीच. आणि १९५९ सालच्या ‘अनाडी’तील मिसेस डिसा! तोंडाने फटकळ, पण भाडेकरू मुलावर पोटच्या पोरासारखी माया करणारी. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. येवल्याच्या कापडव्यापाऱ्याच्या लेकीचा तो दिल्लीने केलेला मान होता.

आता माझी गोष्ट सांगते. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा मी नवी सून होते. रविवारी सकाळी आळीतल्या बायका आमच्या घरी जमत. ललिताबाईंची मंथरा पडद्यावर आली की सगळ्याजणी बोटे मोडीत. माझ्या सासूबाई करारी. दुधाचा हिशेब, विळी कोठे ठेवली, पोळीचा पदर सुटला की नाही, सर्वांवर त्यांचे लक्ष. मी शेजारणीजवळ त्यांना ललिता पवार म्हणत असे आणि आम्ही दोघी हसत असू. सासूबाईंचे माहेर येवल्याचेच, हे त्या हसण्याला आणखी एक निमित्त.

१९९७ च्या पावसाळ्यात सासूबाईंच्या तोंडावरून वारे गेले. ओठ एका बाजूला ओढला गेला, डोळा नीट मिटेना. औषधोपचार झाले, थोडा उतार पडला. पण त्या माणसांत येईनाशा झाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, तर त्या माजघरातच बसून राहिल्या. पदर तोंडावर ओढूनच त्या वावरत.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यास औंध येथील राहत्या घरी ललिताबाई निवर्तल्या. वर्तमानपत्रांतून त्यांची माहिती आली आणि त्या थोबाडीतल्या प्रसंगाची हकीकत मी तेव्हा प्रथम वाचली. वाचता वाचता माझीच मला लाज वाटली. ज्या बाईचे नाव मी टिंगलीसाठी वापरले, तिने आपले मोडलेले रूप पन्नासांहून अधिक वर्षे जगासमोर ताठ मानेने मिरवले होते. त्या संध्याकाळी मी सासूबाईंजवळ बसले आणि सारी हकीकत वाचून दाखविली. शेजारणीजवळ मी त्यांना काय म्हणत असे, तेही सांगून टाकले. त्या रागावल्या नाहीत. डोळ्याबद्दल मात्र त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

चैत्रात गौरीचे हळदीकुंकू होते. कैरीची डाळ वाटून झाली, पन्हे झाले, आणि पाहते तो सासूबाई स्वतःची जुनी येवल्याची पैठणी नेसून गौरीपुढे पाटावर येऊन बसलेल्या! पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. आलेल्या प्रत्येकीला त्यांनीच कुंकू लावले. डाळीत मीठ कमी असल्याचेही सर्वांदेखत मला सुनावले.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. तेथे गेले की मला येवल्याच्या या लेकीचीही आठवण होते. आपल्या मंडळात कितीतरी भगिनी येतात. कोणाला दुखण्याने, कोणाला वैधव्याने, कोणाला वयाने घरात बसावेसे वाटते. अशा एखादीला पुढच्या सभेला येताना आवर्जून बरोबर आणावे आणि ललिताबाईंची हकीकत सांगावी, एवढीच या लेखाच्या शेवटी नम्र विनंती.