थंड इंजिनाची खडखड आणि रुडॉल्फ डिझेल

देवळी (जि. वर्धा) : डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या या गावात गारठा चांगलाच जाणवतो. रात्रभर अंगणात उभी राहिलेली जुनी डिझेल जीप किंवा मालवाहू टेम्पो अशा वेळी सुरू केला, की पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज इंजिनातून येऊ लागतो. मागून पांढरा धूर निघतो, गाडी थरथरते आणि इंजिन तापले, की सारे आपोआप शांत होते. नवखा मालक धास्तावतो. जाणता मिस्त्री मात्र लगेच पान्याला हात घालत नाही. तो आधी ऐकतो. खडखड किती वेळ टिकते आणि नंतर जाते की राहते, यावर दुरुस्तीची दिशा ठरते.

दोन-तीन सेकंदांत आवाज विरला, तर संशय ऑइलवर जातो. रात्रभरात ते खालच्या चेंबरमध्ये उतरलेले असते आणि वर टॅपेटपर्यंत पोहोचेस्तोवर लोखंड कोरडे वाजते. आवाज मिनिट-दोन मिनिटे टिकला आणि सोबत पांढरा धूर असला, तर गोष्ट ज्वलनाची असते. हीटर प्लग तापत नसेल, नोझलमधून फवाऱ्याऐवजी थेंब पडत असतील, पंपाचे टायमिंग सरकले असेल किंवा घासलेल्या रिंगांमुळे दाब कमी झाला असेल. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून पाहतो. ज्या सिलिंडरचे इंधन तोडल्यावर खडखड थांबते, दोषी तो सिलिंडर. पाने-पेचकसांवर चालणारी ही परीक्षा साधी आहे, पण तिच्यामागचे तत्त्व एका माणसाने उमेदीची वर्षे वेचून सिद्ध केले होते. पंपावर त्याचे नाव रोज घेतले जाते. ते कोणाचे तरी आडनाव आहे, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात येते.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात ती नाही. तेथे नुसती हवा इतकी दाबली जाते, की ती दाबानेच तापते आणि तिच्यात सोडलेले इंधन स्वतःहून पेट घेते. इंधन शिरणे आणि पेटणे यांत क्षणाचा अगदी लहान अंश जातो. सिलिंडर थंड असला, की त्याच्या भिंती हवेची उष्णता ओढून घेतात आणि हा विलंब लांबतो. दरम्यान आत येऊन साचलेले इंधन मग एकाच वेळी भडकते, दाब झटक्याने चढतो आणि तो धक्का बाहेर खडखड म्हणून ऐकू येतो. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या इंधनाचे तुषार.

डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत आणि लहानगा रुडॉल्फ त्या गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवी. फावल्या वेळात तो शहरातील तंत्रविद्येच्या संग्रहालयात रमे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन वंशाच्या कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. पोटाची भ्रांत पडल्याने बारा वर्षांच्या मुलाला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते गणिताचे शिक्षक होते. दोन वर्षांनी त्याने इंजिनिअर होण्याचा आपला निश्चय आईवडिलांना पत्राने कळवला.

पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल लिंडे हा शीतकरणाचा नामवंत प्राध्यापक त्याला लाभला. वाफेचे उत्तम इंजिनही कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते, उरलेली सारी उष्णता वाया जाते, हे लिंडेने वर्गात सांगितले आणि ते डिझेलच्या मनात कायमचे रुतून बसले. हवा एकदम दाबून कापूस पेटवण्याची काचेची छोटी नळी त्याने विद्यार्थिदशेत पाहिली होती आणि तिच्यावरूनच त्याला पुढची कल्पना सुचली, असेही म्हणतात. १८८० मध्ये उच्च गुणांनी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याने नोकरी धरली ती पॅरिसमध्ये, लिंडेच्या बर्फाच्या कारखान्यात. उष्णतेचे इंजिन घडवणाऱ्याची उमेदवारी बर्फ तयार करण्यात गेली, हा योग चमत्कारिकच. वाफेऐवजी अमोनिया वापरून इंजिन चालवण्याच्या खटपटीत एकदा स्फोट होऊन तो मरता मरता वाचला.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने बर्लिनमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले आणि त्याचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. आपले इंजिन वाफेच्या इंजिनाला हद्दपार करील, असा त्याचा दावा होता. वस्तुतः त्या ग्रंथातील हिशेबात मोठी चूक होती. त्यात मांडलेल्या प्रचंड दाबाने आणि ज्वलनाच्या पद्धतीने इंजिनाची बहुतेक शक्ती स्वतःचेच घर्षण पेलण्यात खर्ची पडली असती. ही चूक डिझेलने स्वतःच हेरली, दाब कमी केला, ज्वलनाची रीत बदलली. मात्र बदलाची कबुली त्याने चारचौघांत मोकळेपणाने दिली नाही. हा आडपडदा त्याला पुढे महागात पडला.

ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याने आणि क्रुपने पैसा पुरवला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. माणसाच्या उंचीहून मोठे ते यंत्र कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवण्यात आले, आत इंधन सोडले आणि स्फोटाने दाबमापकाच्या ठिकऱ्या उडाल्या. इंजिन चालले नाही. तरीही डिझेल समाधानी होता, कारण ठिणगीशिवाय इंधन पेटते, हे दिसले होते. त्यानंतर सुरू झाली ती खरी मिस्त्रीगिरी. पिस्टनमधून दाब निसटे, झडपा गळत, ज्वलन कधी होई, कधी न होई. एकेक दोष वेगळा काढायचा, भाग बदलायचा, पुन्हा फिरवून पाहायचे. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी फिरणाऱ्या पट्ट्याची ओढ उलटी झाली. आता कारखाना इंजिनाला नव्हे, तर इंजिन कारखान्याला ओढत होते. हे प्रथम लिंडर नावाच्या कारागिराच्या ध्यानात आले आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, अशी हकिकत सांगितली जाते. इंजिन जेमतेम एक मिनिट चालले.

त्याला बाजारात नेण्याजोगे करायला आणखी तीन वर्षे लागली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीच्या त्या एक सिलिंडरी इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. जगात इतकी कार्यक्षमता दुसऱ्या कोणत्याही उष्णता इंजिनाची नव्हती. परवान्यांसाठी कारखानदारांची रीघ लागली. अमेरिकेचे हक्क बीअरचा कारखानदार अडॉल्फस बुश याने दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये हक्कांसाठी स्थापन झालेल्या कंपनीने डिझेलला ३५ लाख मार्क देऊ केले. त्यांतला मोठा भाग समभागांच्या रूपात होता. चाळिशीतच तो कागदोपत्री लक्षाधीश झाला.

आणि येथेच घात झाला. प्रयोगशाळेत निपुण हातांखाली चालणारे यंत्र गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाताच रुसू लागले. केम्टन येथील काड्यापेटीच्या कारखान्यात १८९८ मध्ये बसवलेले साठ अश्वशक्तीचे इंजिन वारंवार दुरुस्तीला आले. इतरत्रही तक्रारी सुरू झाल्या आणि परवानाधारक कुरकुरू लागले. डिझेलची प्रकृती ढासळली, त्याला काही काळ आरोग्यधामात राहावे लागले. यंत्र भरवशाचे झाले ते बव्हंशी इमानुएल लाउस्टर आणि ऑग्सबर्गच्या त्याच्या सहकाऱ्यांच्या चिकाटीमुळे. त्यांचे नाव मात्र कोणत्याही पंपावर नाही.

या इंजिनांत इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा वापरत. ती इंधनाचे बारीक तुषार करी आणि हळूहळू आत फुंकी. त्यामुळे इंधन एकदम साचत नसे, दाब झटक्याने चढत नसे आणि ज्वलन मऊ होई. पण ही हवा दाबणारा पंप स्वतःच एक अवजड, नाजूक यंत्र होता. कारखान्यात किंवा जहाजावर त्याला जागा होती, मोटारीत नव्हती. लहान, वाहनाजोगे इंजिन करण्याची डिझेलची धडपड अखेरच्या वर्षांत चालू होती, पण ती सफल झाली नाही. खडखड टाळणारी हीच हवा त्याच्या इंजिनाला मोटारीबाहेर ठेवून बसली होती.

तेलाच्या बाबतीतही त्याची दृष्टी दूरची होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एका फ्रेंच कंपनीने त्याच्या पद्धतीचे छोटे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच त्यातला फरक कळला, इतके ते सुरळीत चालत होते. पुढे १९१२ मध्ये डिझेलने वनस्पती तेलांचा मुद्दा पुन्हा मांडला. शेतीप्रधान देशांना आपले इंधन शेतातूनच काढता येईल, अशी त्याची अपेक्षा होती. त्याच वर्षी कोपनहेगनच्या कारखान्याने बांधलेले सेलांदिया हे मोठे जहाज डिझेल इंजिनांवर थेट बँकॉकच्या सफरीला निघाले. इंजिनाचा विजय पुरा झाला होता.

शोधकर्त्याचा संसार मात्र आतून पोखरला होता. म्युनिकमध्ये त्याने महालासारखे घर बांधले होते. जमिनींच्या सट्ट्यात आणि तेलविहिरींत पैसा बुडाला होता. समभागांची किंमत उरली नव्हती. इंजिनाचा एकेक दोष वर्षानुवर्षे वेगळा काढणाऱ्या या माणसाने स्वतःच्या जमाखर्चात ती शिस्त पाळली नाही. त्यात १९१३ मध्ये टीकेची झोड उठली. बाजारात आलेले इंजिन पेटंटातले नव्हेच, असा टीकाकारांचा आरोप होता. वीस वर्षांपूर्वीचा तो आडपडदा आता विरोधकांच्या हाती आयता सापडला.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवर चढला. सोबत्यांबरोबर जेवला, डेकवर फिरला आणि सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून दहाच्या सुमारास आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछाना वापरलेला नव्हता. त्याची टोपी आणि घडी केलेला ओव्हरकोट डेकवर कठड्यापाशी सापडले. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह आढळला. खलाशांनी खिशांतल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. निघण्यापूर्वी डिझेलने पत्नी मार्था हिच्याकडे एक बॅग दिली होती आणि ती आठवडाभर उघडू नये, असे बजावले होते. तिच्यात वीस हजार मार्क रोख निघाले; बाकी कागदपत्रे घराणे कर्जात बुडाल्याची ग्वाही देत होती. घातपाताच्या कहाण्या पुढे पुष्कळ पसरल्या. त्यांतल्या एकीलाही पुरावा मिळालेला नाही; कर्जाला मात्र आहे.

मोटारीचा प्रश्न सुटला तो त्याच्या मृत्यूनंतर. इंधनालाच जबर दाब देणारा छोटा, अचूक पंप बॉश कंपनीने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि हवेच्या पंपाची गरज संपली. १९३६ मध्ये मर्सिडीझने २६० डी ही डिझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. इंजिन लहान झाले, वेगवान झाले आणि त्याबरोबर थंडीतली खडखडही मोटारीत आली. हवेची हळुवार फुंकर गेली होती.

महाराष्ट्रात हे इंजिन घरोघरी नसले, तरी शेतोशेती पोहोचवले ते किर्लोस्करांनी. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. वीज न पोहोचलेल्या शिवारांत विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारताना आधी लिव्हरने झडप उघडी ठेवायची, चाकाला गती आली की ती सोडून दाब धरू द्यायचा, हे तंत्र विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या एका पिढीच्या हातात बसलेले होते. थंड हवा पुरेशी तापण्यासाठी चाकाला आधी वेग हवा, हे त्यामागचे कारण.

१९९७ मध्ये अल्फा रोमिओच्या मोटारीतून कॉमन रेल पद्धत बाजारात आली. भारतात २००७ मध्ये मारुतीच्या डिझेल स्विफ्टपर्यंत ती सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात पोहोचली. या पद्धतीत संगणक मुख्य इंधनाच्या आधी एक इवलासा थेंब सोडतो. तो पेटून जागा तापवतो आणि मागून येणारे इंधन साचण्याआधीच जळू लागते. खडखड पुष्कळ कमी झाली. मात्र या इंजिनात पाइपचा नट सैल करून आवाज ऐकण्याची जुनी परीक्षा कटाक्षाने टाळावी लागते. तेथला दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक असतो आणि निसटलेली धार कातडी भेदून हातात शिरते. तेथे मिस्त्री आता गाडीला स्कॅनर जोडतो आणि एकेका सिलिंडरचे आकडे वाचतो. जुनी जीप आली, की तो पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ऐकतो.