विल्यम टेलर : धर्मोपदेशक आणि भाषेची सरहद्द

विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट धर्मोपदेशक १८७४ साली बंगळूरच्या छावणीत आले, तेव्हा त्या नगराला मेथडिस्ट पंथ अपरिचित नव्हता. इंग्लंडमधील वेस्लियन मिशनचे मुद्रणालय तेथे पूर्वीच स्थिरावले होते. जॉन गॅरेट यांनी संपादिलेली संस्कृत, कन्नड व इंग्रजी भगवद्गीता, आणि रीव्ह यांच्या कन्नड-इंग्रजी कोशाची डॅनिअल सँडरसन यांनी सिद्ध केलेली सुधारित आवृत्ती १८५८ मध्ये याच मुद्रणालयातून निघाली. टेलर यांची परंपरा निराळी होती. देशी भाषा आत्मसात करण्यासाठी एका जागी थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांच्या कार्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या भेदातून स्पष्ट होतात.

टेलर यांचा जन्म २ मे १८२१ रोजी व्हर्जिनियातील रॉकब्रिज परगण्यात झाला. सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियाकडे लोटलेल्या जनसमुदायाबरोबर, पण निराळ्या हेतूने, ते १८४९ मध्ये पत्नी अ‍ॅन यांच्यासह केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. जुगाराच्या अड्ड्यांनी वेढलेल्या चौकात उभे राहून ते गाऊन गर्दी जमवीत आणि मग प्रवचन करीत. खलाशांसाठी उभारलेले प्रार्थनामंदिर आगीत नष्ट झाले आणि कर्जाचा भार शिरावर आला. तो फेडण्यासाठी त्यांनी ग्रंथलेखन आणि भ्रमंती आरंभिली. पुढे ग्रंथविक्री हेच त्यांच्या चरितार्थाचे साधन झाले. वेतनावाचून धर्मकार्य चालविता येते, या त्यांच्या सिद्धान्ताचे मूळ या अनुभवात आहे.

ऑस्ट्रेलियात कुटुंबाची पुन्हा भेट झाली. परंतु थोरल्या मुलाच्या आजारामुळे सर्वांना १८६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेस जावे लागले. तेथे चार्ल्स पाम्ला हा आफ्रिकी दुभाषी त्यांना लाभला. टेलर आपले प्रवचन त्याला आधी एकांतात समजावून देत आणि पाम्ला ते खोसा भाषेत जणू नव्याने रचून सांगे. त्या सभांना मिळालेल्या विलक्षण प्रतिसादात पाम्लाचा वाटा टेलर यांच्याहून कमी मानता येणार नाही.

नोव्हेंबर १८७० मध्ये टेलर भारतात आले ते हीच आशा धरून. लखनौ व अन्यत्र त्यांनी दुभाष्यांमार्फत प्रवचने केली. परंतु पाम्लासारखा सहचर येथे लाभला नाही. १८७१ च्या अखेरीस मुंबईत ते इंग्रजी जाणणाऱ्या युरोपीय व युरेशियन वस्तीकडे वळले आणि १८७२ च्या आरंभी तेथे मंडळी स्थापन झाली. वेतनाचा त्याग करून मुंबईत वास्तव्य करणारे, मराठीत प्रवचन करणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. जे भाषासामर्थ्य टेलर यांच्या ठायी नव्हते, ते बोवेन यांच्या ठायी होते. त्यानंतर पुणे, कलकत्ता, मद्रास आणि बंगळूर असा हा विस्तार झाला.

बंगळूरच्या छावणीत इंग्रजी श्रोता सहज मिळे. मात्र भोवती तमिळ आणि पेठेत कन्नड नांदत होती. टेलर यांची मंडळी परदेशी द्रव्यावर अवलंबून नव्हती, हे तिचे मोठेपण. स्वतःचा खर्च स्वतः सोसणाऱ्या मंडळीला परक्या मंडळाचे आदेश मुकाट्याने मानण्याचे कारण उरत नाही. या भूमिकेमुळे अमेरिकेतील मिशन-मंडळाशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. परंतु आर्थिक स्वावलंबन साधलेली ही मंडळी भाषेच्या दृष्टीने छावणीच्या कुंपणातच राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

१८७५ मध्ये टेलर यांनी भारत सोडला. पुढे दक्षिण अमेरिकेत कार्य करून १८८४ मध्ये ते आफ्रिकेचे मिशनरी बिशप झाले आणि १८९६ मध्ये निवृत्त झाले. १८ मे १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे त्यांचे निधन झाले. ज्या प्रदेशात त्यांनी रस्त्यावरील प्रवचनांनी कीर्ती मिळविली, तेथेच त्यांची यात्रा संपली.

बंगळुरात १८८० मध्ये मेथडिस्टांनी स्थापन केलेल्या बाल्डविन शाळांचे माध्यम इंग्रजीच राहिले. कन्नड, मराठी आदी भाषांतील मंडळ्या उभ्या राहिल्या त्या त्या भाषा शिकलेल्या आणि जन्मतः बोलणाऱ्या कार्यकर्त्यांच्या श्रमातून. १९८१ मध्ये भारतातील मेथडिस्ट चर्च स्वायत्त झाले. स्वावलंबनाचा टेलर यांचा आग्रह त्या घटनेने एका अर्थी सफल केला; परंतु ज्यांच्या मुखातून ते चर्च देशी भाषांत बोलू लागले, त्या पाम्लाच्या भारतीय बांधवांची चरित्रे अद्याप लिहिली जावयाची आहेत.