सिसेरो : आरोपीचा वकील

रोमन म्हटलं की आपल्याला कमानी आणि रस्ते आठवतात. मला मात्र तिथला एक वकील जास्त आवडतो, आणि त्याचा रागही येतो. मार्कस तुलियस सिसेरो, जन्म इ.स.पू. १०६, गाव अर्पिनम. घरचं बरं होतं, पण घराण्यात आधी कोणी रोमचा सत्ताधीश झालेला नव्हता. गडी बोलण्याच्या जोरावर वर आला.

इ.स.पू. ८० मध्ये, जेमतेम २६ व्या वर्षी, त्याने सेक्स्टस रोशियसची केस घेतली. बापाचा खून झालेला, आळ पोरावर. पितृहत्येची शिक्षा म्हणजे पोत्यात शिवून पाण्यात फेकणे! त्या काळी सरकारी वकील नसे. कोणीही नागरिक आरोप करी, पण तो सिद्ध करायचं ओझंही त्याच्याच डोक्यावर. पंचांची मतं समसमान पडली तर आरोपी सुटे. (आपल्याकडे विंगमधली वस्तू हरवली की संध्याकाळपर्यंत चोर ठरलेला असतो, पुरावा नंतर!) सिसेरोने विचारलं, पोराला कारण काय होतं, आणि तो तेव्हा रोममध्ये होता तरी का? शिवाय मेलेल्या बापाची ६० लाख सेस्टर्सची मालमत्ता हुकूमशहा सुल्लाच्या माणसाने, क्रिसोगोनसने, २ हजारांत घेतली होती, हेही भर कोर्टात मांडलं. केवढी हिंमत! रोशियस सुटला.

इ.स.पू. ६३ मध्ये हाच सिसेरो कॉन्सुल झाला, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. कॅटिलिनाचा कट उघडकीला आला, पाच जण पकडले गेले. पुरावा भक्कम होता, त्यांच्याच शिक्क्यांची पत्रं. पण लोकांच्या निवाड्याशिवाय नागरिकाला देहदंड देऊ नये असा कायदा होता. सीझर म्हणाला, कैदेत ठेवा. सिनेटने मात्र मृत्यूच्या बाजूने कौल दिला आणि ५ डिसेंबरला सिसेरोने पाचही जणांना तुरुंगात गळा आवळून मारवलं. खटला नाहीच. बाहेर कॅटिलिनाची फौज उभी होती हे मान्य, तरी मला हे पटत नाही. पाच जण तर कोठडीत होते, पळणार कुठे?

याच कारणावरून इ.स.पू. ५८ मध्ये त्याला हद्दपार व्हावं लागलं, घर पाडलं गेलं. पुढच्या वर्षी तो परतला. इ.स.पू. ४३ मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी शत्रूंची यादी लावली. यादीत नाव आलं की संपलं, आरोप नाही, सुनावणी नाही. सिसेरोचं नाव त्यात होतं. ७ डिसेंबरला फॉर्मियेजवळ सैनिकांनी त्याला गाठलं. त्याचं डोकं आणि हात रोमच्या चौकातल्या त्याच भाषणाच्या व्यासपीठावर टांगले गेले.