घरदार नसलेल्यांचा कैवारी

भुकेला वाटसरू दारीं आला म्हणजे आपण त्यास भाकर देतों आणि तो पुढच्या गांवीं जातो. तेथेंही त्यास भाकर मिळते व तो आणखी पुढें जातो. त्याचें पोट भरतें, परंतु त्याचें भटकणें संपत नाहीं. हें भटकणें संपावें कसें, ह्या प्रश्नासाठीं ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं शेवटचीं सुमारें तीस वर्षें वेंचलीं, त्या जर्मन पाळकाचें चरित्र आज सादर करीत आहों.

फ्रीडरिख फॉन बोडेलश्विंग ह्यांचा जन्म 6 मार्च 1831 रोजीं वेस्टफालियांतील टेक्लेनबुर्ग येथें झाला. त्यांचे वडील पुढें प्रशियाचे अर्थमंत्री झाले, त्यामुळें राजपुत्र हा त्यांचा बाळपणचा सोबती होता. तरी त्यांनीं शेतकीचें शिक्षण घेतलें व पोमेरानियांतील एका जमीनदारीवर कारभारी म्हणून काम केलें. तेथें मजुरांचें दारिद्र्य त्यांच्या दृष्टीस पडलें; तेथेंच एक लहानसें मिशन-पुस्तक वाचून त्यांनीं पाळक होण्याचा निश्चय केला. 1858 पासून सहा वर्षें ते पॅरिसमध्यें रस्ते झाडणाऱ्या गरीब जर्मन लोकांत राहिले. पुढें डेल्विग येथें पाळक असतां, 1869 च्या जानेवारींत, एका पंधरवड्याच्या आंत त्यांचीं चारही मुलें आजारानें दगावलीं. ह्या दुःखानें त्यांचें मन कठोर झालें नाहीं. उलट दुसऱ्याच्या दुःखाविषयीं तें अधिकच कोमल झालें.

1872 सालीं बीलेफेल्ड येथील अपस्माराच्या रोग्यांसाठीं असलेल्या संस्थेचा कारभार त्यांच्याकडे आला. हीच संस्था पुढें बेथेल ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. पुढच्याच वर्षीं व्यापार कोसळला, कारखाने बंद पडले आणि काम शोधीत हिंडणाऱ्या माणसांनीं रस्ते भरून गेले. भीक मागणें हा कायद्यानें गुन्हा होता. लोक भीक घालीत, शिपाई धरून नेत, आणि तुरुंगांतून सुटलेला मनुष्य पुन्हां रस्त्यावरच येई. बेथेलच्या दारीं असे लोक येऊं लागले, तेव्हां बोडेलश्विंग ह्यांनीं आधीं काम व मग जेवण असा नियम घातला. काम करण्यास पुष्कळांनीं आनंदानें होकार दिला. त्यांना आळशी म्हणणें खोटें होतें, हें त्यावरून दिसून आलें.

1882 सालीं झेने नांवाच्या ओसाड माळावर त्यांनीं विल्हेल्म्सडॉर्फ ही कामकऱ्यांची वसाहत उभारली. पूर्वी शिकलेली शेतकी आतां कामास आली. निराधार मनुष्यानें तेथें यावें, जमीन लागवडीस आणावी, अंगावर कपडे व हातीं थोडी मजुरी यावी, आणि मग काम मिळवून सन्मानानें बाहेर पडावें, अशी योजना होती. शतक संपण्यापूर्वीं जर्मनींत अशा सुमारें तीस वसाहती झाल्या. शिवाय 1885 सालीं त्यांनीं बीलेफेल्ड येथें एक मंडळी काढली. बचतीच्या व कर्जाच्या साह्यानें मजुरास स्वतःचें लहान घर मिळावें, हा तिचा हेतु होता. कारण घर गमावल्यावर मदत करण्यापेक्षां तें गमावूं न देणें बरें, हें ते जाणून होते.

परंतु वसाहतीपर्यंत पोहोंचावें कसें? त्यासाठीं एका दिवसाच्या चालीवर एकेक ठाणें असावें, तेथें सकाळीं काम करून वाटसरूस जेवण व रात्रीचा निवारा मिळावा, अशी व्यवस्था सुरू झाली. 1890 च्या सुमारास देशांत जवळजवळ 2000 ठाणीं होतीं. तीं बहुतेक जिल्ह्याजिल्ह्यांच्या खर्चानें चालत. येथेंच अडचण उभी राहिली. एका जिल्ह्यानें ठाणें चालवावें आणि शेजारच्यानें हात आंखडावा, असें होऊं लागलें. मग सारा भार उदार जिल्ह्यावर पडे, तोही कंटाळून ठाणें बंद करी, आणि सांखळीची एक कडी तुटली कीं सगळी सांखळी निरुपयोगी होई. थोड्याच वर्षांत शेंकडों ठाणीं बंद पडलीं.

एकट्याचें औदार्य पुरें पडत नाहीं, सर्वांनीं आपापला वाटा उचलला पाहिजे, हें ओळखून बोडेलश्विंग 1903 सालीं, वयाच्या बाहात्तराव्या वर्षीं, प्रशियाच्या कायदेमंडळांत निवडून गेले. बर्लिनमध्यें त्यांनीं शहराच्या रात्रनिवाऱ्यांत दाटीनें पडलेले लोक पाहिले. त्यांच्यासाठीं 1905 सालीं शहराबाहेर होफ्नुंग्सटाल, म्हणजे आशेचें खोरें, ही वसाहत काढली. तेथें प्रत्येकास निजण्यास स्वतंत्र लहान खोली होती, कारण ज्यास दार लावतां येतें त्यास आपली किंमत पुन्हां कळूं लागते. 1907 सालीं ठाण्यांचा कायदा मंजूर झाला. परंतु तो लागू करावा कीं नाहीं, हें प्रत्येक प्रांताच्या मर्जीवर सोडलें होतें, आणि सर्व प्रांतांनीं तो स्वीकारला नाहीं. म्हातारपणचे सारे श्रम करूनही फळ अर्धेंच हातीं आलें.

2 एप्रिल 1910 रोजीं बेथेल येथें त्यांचा अंत झाला. त्यांनीं आरंभिलेलीं बेथेल व होफ्नुंग्सटाल येथील कामें आजही चालू आहेत.

वाचकहो, दारीं आलेल्यास भाकर द्यावी, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु तो उद्यां कोठें निजेल, हें पंचायतीस, मंडळीस आणि शेजारच्या गांवास मिळून विचारण्याचें काम अजून राहिलें आहे. एक गांव तें करील तर थकेल. सर्व गांवें करतील तर वाटसरूस घर मिळेल.