काळी आई : डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र

वसईकरांस पूर्वेकडील समुद्राची वाट आजची नव्हे. चारशेहून अधिक वर्षांमागे याच भूमीत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानापर्यंत गेला, आणि १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकी येथे त्याने क्रुसावर प्राण ठेविला. ही गोष्ट आपल्या तालुक्यातील पोराटोरांसही ठाऊक आहे. परंतु त्याच पूर्वेच्या वाटेने गेलेल्या व परत न आलेल्या दुसऱ्या एका महाराष्ट्रीय पुरुषाचे नाव पुष्कळांनी ऐकले असले, तरी त्याचे चरित्र थोड्यांसच माहीत असते. पाचूबंदर आणि आसपासच्या गावांतील वाचकांस ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यम स्थितीतील कुटुंबात झाला. मुलगा हुशार निघाला, व मुंबईस परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. पदवी मिळाल्यावर पुढील परीक्षेची तयारी चालली होती. आणखी दोन-चार वर्षांत एखाद्या शहरात दवाखाना थाटावा, घरच्यांस हातभार लावावा व सुखाने राहावे, असा मार्ग त्यांच्यापुढे सरळ पसरला होता. तो मार्ग वाईट नव्हता. आपणांपैकी कितीक आईबापांनी आपल्या मुलासाठी हाच मार्ग देवाजवळ मागितला असेल.

त्या सुमारास चीन देशावर मोठे संकट आले होते. १९३७ च्या जुलैत जपानने त्या देशावर उघड चढाई केली. डिसेंबरात नानकिंग शहर पडले व तेथे हजारो निरपराध माणसांची कत्तल झाली. खेडीच्या खेडी जळाली. लाखो कुटुंबे पाठीवर गाठोडे घेऊन पश्चिमेकडे निघाली, आणि त्या लोंढ्यातून आईबाप हरवलेली मुले रस्तोरस्ती दिसू लागली. १९३८ च्या मार्चमध्ये हँकौ शहरी अशा अनाथ बालकांसाठी एक संस्था स्थापन झाली. तिने युद्ध संपेपर्यंत सुमारे ३०,००० मुलांस आसरा दिला. या कार्यात परदेशीयांचाही हात लागला. ग्लॅडिस आयलवर्ड या इंग्रज मिशनरी बाईंनी १९४० साली शान्सी प्रांतातून सुमारे शंभर अनाथ मुलांस डोंगर ओलांडून पायी शीआनच्या बाजूस सुखरूप नेले, हे आपल्या मंडळ्यांतून अनेकदा सांगितले गेले आहे. त्याच साली, त्याच डोंगराळ मुलखात, एक मराठी तरुणही पायी व खेचरावरून हिंडत होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

तो तेथे कसा पोहोचला ते पाहू. चिनी सेनापती जू-दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशास आवाहन केले, व स्वतः परतंत्र असलेल्या या देशाने २२,००० रुपये, एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर देऊ केले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे पथकाचे पुढारी होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सर्वांत कोवळ्यांपैकी एक असे आपले कोटणीस, ही बाकीची चार नावे. कोटणिसांनी आपले नाव दिले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. घरी ही वार्ता कळली तेव्हा आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी. चीन म्हणजे काय, हे त्या काळी आपल्या लोकांस रेशीम विकत दारोदार हिंडणाऱ्या चिनी फेरीवाल्यांवरूनच काय ते माहीत. तथापि घरची संमती मिळाली, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या आगबोटीने पथक मुंबईहून निघाले. सुमारे एका वर्षाने परत येण्याचे ठरले होते. ज्यांच्या घरची होडी दर्यावर जाते त्यांस परतीचा दिवस मोजत बसणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

कँटनवरून हँकौ, तेथून नदीमार्गाने चुंगकिंग, असा प्रवास झाला. शहरांवर बाँब पडत होते व पथक जेथे पोहोचे तेथील माणसे पुढील गावी पळण्याच्या तयारीत असत. चुंगकिंग येथे पाचही जणांस चिनी नावे मिळाली. कोटणीस यांचे नाव के दिहुआ असे पडले. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर होते. त्याचा अर्थ चीन असा आहे. तेथेच, उत्तरेकडे येनानला निघण्याच्या सुमारास, सोलापूरहून वडील निवर्तल्याची बातमी आली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. वडील गेले, घरी आई विधवा, भावंडे लहान, आणि कर्ता मुलगा हजारो मैलांवर. सोबत्यांनी त्यांस परत जाण्यास सुचविले. कोणीही त्यांस नाव ठेविले नसते. परतीचे हे पहिले दार होते. कोटणिसांनी दुःख गिळले व ते येनानला गेले. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक तेथे पोहोचले.

वर्ष सरले. डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच परतले, व पुढे डॉ. अटलही परतले. त्यांनी आपला वाटा प्रामाणिकपणे उचलला होता व ठरलेली मुदतही भरली होती. त्यांच्या जाण्यात काही उणेपणा नव्हता. कोटणिसांसही त्यांच्याबरोबर येता आले असते. हे दुसरे दार. तेही त्यांनी मागे टाकले, व डॉ. बसूंसह ते आघाडीच्या दिशेने, जपानी सैन्याच्या वेढ्यातील डोंगराळ मुलखात शिरले. पुढे डॉ. बसू येनानला परत गेले व १९४३ साली स्वदेशी आले. त्या डोंगरांत कोटणीस एकटेच भारतीय उरले.

तेथे त्यांच्याआधी एक कीर्तिमान शस्त्रवैद्य होऊन गेला होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी त्या मुलखात इस्पितळ व वैद्यकशाळा उभारण्याचा पाया घातला होता. शस्त्रक्रिया करिताना बोट कापले, रक्तात विष भिनले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. त्यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणिसांकडे आले. वय होते तीस.

इस्पितळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी इमारत व पांढऱ्या खाटा उभ्या राहतात. तसे तेथे काही नव्हते. शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांतून जखमी विखरून ठेवलेले असत. घराची मालकीणच पुष्कळदा परिचारिका होई. उपकरणे खेचराच्या पाठीवर लादलेली असत, कारण शत्रू जवळ आल्याची खबर येताच रोग्यांसह सारे डोंगरात हलवावे लागे. काही साधने गावच्या सुतारांकडून करून घेतलेली असत. औषधे वेढ्यामुळे येत नसत. जे दिसेल ते जाळावे, लुटावे, मारावे, हेच तेव्हा जपानी सैन्याचे धोरण होते. त्यामुळे लोकांची उपासमार होत असे. १९४० साली मोठी लढाई जुंपली तेव्हा कोटणिसांनी एकदा सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. तीन दिवस व तीन रात्री! एका मागून एक डोली येत होती व त्यांचा हात थांबत नव्हता.

अशा इस्पितळांतून दहा-बारा वर्षांची पोरे पाणी आणणे, निरोप नेणे, रोग्यास भरविणे अशी कामे करीत. त्यांतील कित्येकांचे आईबाप युद्धात मेलेले असत. पलटण हेच त्यांचे घर. त्या पोरांच्या व जखमींच्या सान्निध्यात राहून कोटणीस चिनी भाषा बोलू लागले, एवढेच नव्हे तर वाचू-लिहू लागले. वैद्यकशाळेत ते त्याच भाषेत व्याख्याने देत. शस्त्रवैद्यकावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पुस्तके लिहावयास घेतली होती. त्यांतील दुसरे अपुरेच राहिले. आपण येथे पाहुणे आहोत, काम झाले की निघून जाऊ, असे ज्यास वाटते तो एवढी खटपट करीत नाही. आपल्यामागेही रोगी राहतील व त्यांस बरे करणारे कोणी असले पाहिजे, ही जाणीव ज्यास आहे तोच शिष्य घडवितो.

त्यांचा वर्ण सावळा होता. त्या मुलखातील लोकांनी असा माणूस पूर्वी पाहिलेला नसावा. परंतु रात्री-अपरात्री उठून कण्हणाऱ्याची उशी सारखी करणारा व हाताने भरविणारा हा परका डॉक्टर त्यांस परका वाटेनासा झाला, आणि रोगी त्यांस प्रेमाने काळी आई म्हणू लागले. आपल्या मराठी शेतकऱ्यास हा शब्द ऐकून नवल वाटेल. आपण काळी आई म्हणतो ती जमिनीस, जी तुडविली तरी अन्न देते. चिनी रोग्यांस ही आपली म्हण ठाऊक नव्हती. तरी सोलापूरच्या काळ्या मातीतून आलेल्या माणसास त्यांनी नेमके तेच नाव दिले.

इस्पितळाच्या शाळेत क्वो छिंगलान नावाच्या बाई परिचारिकांस शिकवीत. १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांच्याशी कोटणिसांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेविले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. याच साली जुलैत कोटणीस तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. हे सत्य आहे व ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. ते आपल्या मंडळीतले नव्हते, आणि त्यांची राजकीय मते आपणांपैकी अनेकांस पटणारी नाहीत. परंतु यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्यास ज्याने उचलले तो तरी कोठे आपल्यांतला होता? तो शोमरोनी होता, व म्हणूनच ती कथा ऐकणाऱ्यांस बोचली.

अतिश्रम, अर्धपोट अन्न व थंडी यांनी कोटणिसांचे शरीर पोखरले होते. त्यांस फेफऱ्याचे झटके येऊ लागले. वरिष्ठांनी हा मुलूख सोडून उपचारासाठी दुसरीकडे जावे असा आग्रह केला. परतीचे हे तिसरे दार, आणि या वेळी ते केवळ सोईचे नव्हते, जीव वाचविण्याचे होते. तेही त्यांनी नाकारले. ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांतातील तांग परगण्यात एका खेड्यात झटक्यांची परंपरा आली व त्यांतच त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. मुलगा तेव्हा १०८ दिवसांचा होता. ज्या युद्धाने कित्येक लेकरांचे बाप नेले, त्याने काळ्या आईच्या लेकरालाही पोरके केले.

या त्यागाची किंमत त्यांनी एकट्यानेच दिली असे नाही. सोलापूरच्या आईने आधी पती व मग मुलगा गमावला, आणि मुलाचे शेवटचे मुख तिने पाहिले नाही. छिंगलान बाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. यिनहुआ बापाप्रमाणे वैद्यक शिकत असता १९६७ साली मरण पावला. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना ही घरची पाने आपण लवकर उलटतो. ती सावकाश वाचली पाहिजेत. जो दूर सेवेस जातो त्याच्या सेवेत मागे राहिलेल्यांचा मूक वाटा असतो.

दोन्ही देशांनी त्यांस विसरू दिले नाही. १९४६ साली शांताराम यांनी त्यांच्यावर बोलपट काढिला. चीनने १९८२ साली व भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढिले. शिचियाच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यून यांच्याच सान्निध्यात, त्यांची समाधी आहे. सोलापुरास त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. मध्यंतरी १९६२ साली हे दोन देश एकमेकांशी लढले, आणि सीमेवरची कटुता पुढेही वारंवार उफाळली. तरीही भारतात येणारे चिनी पुढारी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत राहिले, व छिंगलान बाई २०१२ साली वारल्या तोवर सासरचा हा देश त्यांनी परका मानला नाही. राज्यांनी केलेले तह मोडले. एका डॉक्टरने रोग्याच्या उशाशी केलेला तह टिकला.

पाचूबंदरच्या बंधुभगिनींनो, भर दर्यात कोणी बुडताना दिसला तर त्याचे गाव, जात, धर्म विचारून मग दोर टाकावयाचा, असा नियम कोणत्याही कोळ्याने पाळलेला नाही. आधी दोर, मग विचारपूस. कोटणिसांनी याहून वेगळे काही केले नाही. फक्त दोर एकदा हाती धरल्यावर तो तीनदा सोडता येत असूनही सोडला नाही. आपणांस कोणी चीनला बोलावीत नाही. पण आपल्याच आळीत परगावाहून पोटासाठी आलेला मजूर तापाने पडलेला असतो, त्याची भाषा आपणांस येत नाही, आणि त्याच्या मुलास दूध कोणी द्यावे हा प्रश्न उभा राहतो. त्या दारापुढून जाताना सोलापूरच्या या डॉक्टरची आठवण ज्यास होईल, त्याने हे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले.