अल्बर्ट रिश्टर : कोलोनचा सायकलपटू

अल्बर्ट रिश्टरचा जन्म १९१२ साली जर्मनीतील कोलोन शहरात झाला. १९३२ मध्ये रोम येथे तो हौशी गटात स्प्रिंटचा, म्हणजे थोड्या अंतराच्या वेगवान शर्यतीचा, विश्वविजेता झाला. वय अवघे १९! पुढे व्यावसायिक गटात सलग सात वर्षे जर्मनीचे विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. पॅरिसचे प्रेक्षक तर त्याच्यावर फिदा होते. त्याला ते आठ सिलिंडरचे जर्मन इंजिन म्हणायचे.

त्याचे मार्गदर्शक अर्न्स्ट बर्लिनर ज्यू होते. नाझींचे राज्य आले, तरी अल्बर्टने त्यांची साथ सोडली नाही. स्वस्तिकाची जर्सी घालायची नाही म्हणून तो जुनी गरुडाचीच घालायचा. १९३४ मध्ये विजयानंतर सगळ्यांनी नाझी सलामी दिली, याचे हात मात्र खालीच! एवढ्या लोकप्रिय खेळाडूने असं करणं सरकारला झोंबणारच.

३१ डिसेंबर १९३९ रोजी तो रेल्वेने स्वित्झर्लंडला निघाला. सायकलच्या टायरमध्ये एका ज्यू परिचिताचे पैसे लपवलेले होते. सीमेवर तो पकडला गेला आणि २ जानेवारीला लोराखच्या तुरुंगात मेला. मृत्यूचे कारण अधिकाऱ्यांनी दर वेळी वेगळे सांगितले. आज कोलोनच्या सायकल ट्रॅकला त्याचेच नाव आहे.