स्वप्नाच्या अध्यासनावरचा वास्तववादी

युद्ध आणि शांतता यांचा अभ्यास हा विद्यापीठातील स्वतंत्र विषय असू शकतो, ही कल्पना आज कुणालाही नवी वाटत नाही. मात्र आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयाचा जगातील पहिला विद्यापीठीय विभाग लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्कमध्ये नव्हे, तर वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅबरिस्टविथ या लहानशा गावात १९१९ मध्ये सुरू झाला. वेल्समधील सामान्य माणसांनी वर्गणी काढून १८७२ मध्ये उभ्या केलेल्या महाविद्यालयाला हा मान मिळाला. या विभागाने घडवलेली आणि त्याहून अधिक म्हणजे या विभागाला घडवणारी सर्वांत वादग्रस्त व्यक्ती म्हणजे ई. एच. कार. ज्या स्वप्नासाठी हे अध्यासन स्थापन झाले, त्याच स्वप्नावर अध्यासनावर बसून घाव घालणारा हा माणूस. त्याला दूर करण्याची इच्छा खुद्द देणगीदाराला होती आणि ती पूर्ण झाली नाही.

अध्यासनामागची प्रेरणा मात्र दुःखाची होती. पहिल्या महायुद्धात या महाविद्यालयाचे अनेक विद्यार्थी धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या ग्वेन्डोलिन व मार्गारेट या दोन भगिनींनी २० हजार पौंडांची देणगी दिली. कोळशाच्या खाणी आणि रेल्वेच्या व्यवसायातून त्यांच्या आजोबांनी अफाट संपत्ती मिळवली होती. डेव्हिस स्वतः खासदार होते आणि युद्धात एका पलटणीचे नेतृत्व करून आले होते. खंदकातील संहार पाहिलेल्या या माणसाची पुढील सारी हयात एकाच ध्यासात गेली. राष्ट्रसंघ म्हणजेच ‘लीग ऑफ नेशन्स’ बळकट व्हावा, त्याच्या हाती स्वतःचे पोलीस दल असावे आणि आक्रमकाला कायद्याने वठणीवर आणावे, असे त्यांना वाटे. राष्ट्रसंघाच्या कल्पनेचे प्रवर्तक वूड्रो विल्सन यांचे नाव या अध्यासनाला देण्यामागेही हीच भावना होती. आल्फ्रेड झिमर्न, चार्ल्स वेबस्टर आणि जेरोम ग्रीन हे पहिले तीन प्राध्यापक झाले. १९३४ नंतर जागा रिकामी राहिली. १९३६ मध्ये तेथे कार आले.

एडवर्ड हॅलेट कार यांचा जन्म २८ जून १८९२ रोजी लंडनमध्ये एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडिलांचा शाईचा व्यवसाय होता. मर्चंट टेलर्स शाळेतून शिष्यवृत्तीच्या बळावर ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गेले आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मयात त्यांनी प्रथम वर्ग मिळवला. प्रकृतीच्या कारणास्तव ते सैन्यात जाऊ शकले नाहीत. १९१६ मध्ये ते ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात दाखल झाले. युद्धापूर्वीचे उदारमतवादी, आश्वस्त इंग्लंड हे त्यांचे मूळ जग. प्रगती अटळ आहे, व्यापार वाढला की शांतता वाढते आणि शहाणी माणसे एकत्र बसली की प्रश्न सुटतात, ही त्या जगाची श्रद्धा होती. ती डोळ्यांसमोर कोसळताना त्यांनी पाहिली.

१९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत ब्रिटिश शिष्टमंडळाचे कनिष्ठ सदस्य म्हणून ते उपस्थित होते. पराभूत जर्मनीवर लादलेल्या अटी अन्यायाच्या आहेत, असे त्यांचे मत तेथेच बनले. पुढे १९२५ ते १९२९ या काळात लॅटव्हियाची राजधानी रिगा येथे त्यांची नेमणूक झाली. वकिलातीत काम बेताचे होते आणि रिकामा वेळ भरपूर होता. त्या वेळेत ते रशियन भाषा शिकले आणि एकोणिसाव्या शतकातील रशियन लेखकांमध्ये बुडून गेले. पाश्चात्त्य उदारमतवादाकडे बाहेरून, संशयाने पाहणारी दृष्टी त्यांना या वाचनातून लाभली. १९३१ मध्ये त्यांचे दोस्तोएव्हस्कीचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यापाठोपाठ हर्झेन आणि त्याच्या वर्तुळातील निर्वासित रशियनांवरील पुस्तक, कार्ल मार्क्सचे चरित्र आणि बाकुनिनचे चरित्र अशी रांग लागली. दिवसा सरकारी टिपणे लिहायची आणि रात्री क्रांतिकारकांची चरित्रे, असा हा दुहेरी संसार होता. याच काळात परराष्ट्र खात्यात राष्ट्रसंघविषयक सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. संघाचा कारभार आतून पाहिल्याने त्याच्याविषयीची भक्ती वाढण्याऐवजी ओसरली. १९३१ मध्ये जपानने मांचुरियात सैन्य घुसवले, तर १९३५ मध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर आक्रमण केले. दोन्ही वेळा राष्ट्रसंघ हतबल ठरला.

१९३६ मध्ये अ‍ॅबरिस्टविथच्या जागेसाठी कार यांची निवड झाली, तेव्हा डेव्हिस महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. त्यांच्या मनात राष्ट्रसंघाचा कट्टर पुरस्कर्ता असलेला दुसरा उमेदवार होता. निवड समितीने मात्र कार यांच्या पारड्यात मत टाकले. डेव्हिस दुखावले आणि त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. हा प्रसंग केवळ दोन व्यक्तींच्या मतभेदाचा नव्हता. ज्याने पैसा दिला, त्याला अध्यासनावरून कोणता विचार मांडला जावा हे ठरवण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न एका लहान महाविद्यालयापुढे उभा राहिला होता. महाविद्यालयाने त्याचे उत्तर कोणताही जाहीरनामा न काढता, एका नेमणुकीने दिले. १४ ऑक्टोबर १९३६ रोजी कार यांनी पहिले व्याख्यान दिले. विषय होता लोकमत आणि शांतता. लोकमताचा दबाव युद्ध रोखेल, या तत्कालीन श्रद्धेकडे त्यांनी त्यात संशयाने पाहिले.

तीन वर्षांनी ‘द ट्वेन्टी इयर्स क्रायसिस’ हे पुस्तक आले. जुलै १९३९ मध्ये हस्तलिखित छापखान्यात गेले होते. मुद्रिते तयार होत असतानाच ३ सप्टेंबर रोजी ब्रिटन युद्धात उतरला. येऊ घातलेल्या शांततेच्या शिल्पकारांना कार यांनी ते अर्पण केले होते. त्यातील प्रतिपादन आजही वाचकाला अस्वस्थ करते. सर्व राष्ट्रांचे हित एकच आहे आणि ते शांततेत आहे, असे जे राष्ट्र म्हणते, ते बहुधा आधीच तृप्त असलेले राष्ट्र असते. पृथ्वीचा मोठा भाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना ‘जैसे थे’ म्हणजेच न्याय वाटतो आणि ज्यांना वाटा मिळाला नाही त्यांना तो ढोंगीपणा वाटतो. सत्तेचा विचार वगळून उभारलेली नीती ही प्रबळांच्या सोयीची नीती ठरते, हे कार यांनी इतिहासातील दाखले देऊन मांडले. त्यांची टीका प्रामुख्याने झिमर्न आणि त्यांच्यासारख्या विचारवंतांवर होती. म्हणजे याच अध्यासनाच्या पहिल्या मानकऱ्याचे विचार चौथ्याने खोडून काढले. मात्र केवळ सत्तेवर विसंबणारे राजकारणही टिकत नाही, त्याला ध्येयाची आणि नीतीची जोड लागतेच, हेही त्याच पुस्तकात आहे. उत्साही अनुयायी आणि संतप्त विरोधक या दोघांनीही हा भाग अनेकदा नजरेआड केला.

या बुद्धिमान पुस्तकात एक मोठी चूक दडलेली होती. सामर्थ्याचा तोल बदलला की व्यवस्थेतही शांततेने बदल व्हायला हवा, या आपल्या सिद्धांताचे अलीकडचे जवळचे उदाहरण म्हणून कार यांनी १९३८ च्या म्युनिक कराराकडे बोट दाखवले. चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला देणाऱ्या करारात त्यांना वाटाघाटींचे यश दिसले. चेंबरलेन यांच्या अनुनयाच्या धोरणाचे ते समर्थक होते. व्हर्सायच्या अन्यायाची बोच वीस वर्षे मनात राहिली आणि त्या बोचेपायी समोरच्या राजवटीचे स्वरूप ओळखण्यात त्यांची गफलत झाली. दुसरी आवृत्ती १९४६ मध्ये निघाली, तेव्हा हा मजकूर त्यातून वगळलेला होता. काळाच्या ओघात मागे पडलेले काही परिच्छेद काढल्याचा मोघम उल्लेख प्रस्तावनेत होता. आपण चुकलो, अशी स्पष्ट कबुली त्यात नव्हती. इतरांच्या भाबडेपणाचे शवविच्छेदन करणाऱ्या अभ्यासकाने स्वतःच्या चुकीवर मात्र हलकेच पडदा टाकला.

युद्धकाळात कार लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये अग्रलेख लिहू लागले आणि १९४१ ते १९४६ या काळात सहायक संपादक होते. युद्धानंतर ब्रिटनने नियोजन आणि सामाजिक सुरक्षितता स्वीकारावी, सोव्हिएत संघाशी मैत्री ठेवावी, असा त्यांचा आग्रह असे. पुराणमतवादी समजल्या जाणाऱ्या वृत्तपत्रातील या लाल प्राध्यापकाची मोठी चर्चा झाली. डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्समध्ये ब्रिटिश सैन्य ग्रीक कम्युनिस्टांशी लढू लागले, तेव्हा ‘टाइम्स’ने सरकारवर टीका केली आणि पंतप्रधान चर्चिल संतापले. इकडे अ‍ॅबरिस्टविथमध्ये डेव्हिस यांच्या संतापालाही कारण मिळाले होते. प्राध्यापक वर्ग घेत नाहीत, लंडनमध्ये बसून वृत्तपत्र चालवतात आणि अध्यासनाच्या मूळ हेतूविरुद्ध लिहितात, अशी त्यांची तक्रार होती. तिचा पहिला भाग अगदीच निराधार नव्हता. तरीही कार यांना हटवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. १९४४ मध्ये डेव्हिस यांचे निधन झाले. ज्या जागतिक संघटनेचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, तिचा दुसरा अवतार म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ १९४५ मध्ये जन्माला आला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

देणगीदाराला जे जमले नाही, ते खासगी आयुष्याने घडवून आणले. एका सहकारी प्राध्यापकाच्या पत्नीशी जडलेल्या संबंधांमुळे १९४७ मध्ये कार यांना अध्यासन सोडावे लागले. त्यानंतरची काही वर्षे कठीण गेली. शीतयुद्ध सुरू झाले होते आणि सोव्हिएत संघाविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या विद्वानाला विद्यापीठांचे दरवाजे सहज उघडत नव्हते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ मध्ये परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला संशयितांची जी यादी दिली, तिच्यात कार यांचेही नाव होते. ज्या खात्यात उमेदीची वीस वर्षे घालवली, त्याच खात्याच्या दप्तरी ही नोंद झाली. १९५३ मध्ये ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात आणि १९५५ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ट्रिनिटीत त्यांना स्थान मिळाले.

तोवर आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्यांनी हाती घेतले होते. सोव्हिएत रशियाचा त्यांचा इतिहास १९५० ते १९७८ या काळात १४ खंडांत प्रसिद्ध झाला. १९१७ ची क्रांती ते १९२९ पर्यंतची अवघी बारा वर्षे त्यात आली. अखेरच्या टप्प्यातील नियोजनविषयक भागासाठी आर. डब्ल्यू. डेव्हिस यांचे साह्य लाभले. मिळेल तो छापील दस्तऐवज तपासून राज्ययंत्रणा कशी उभी राहिली, हे त्यांनी चिकाटीने मांडले. मात्र त्या यंत्रणेखाली भरडल्या गेलेल्या माणसांना या हजारो पानांत पुरेशी जागा मिळाली नाही. कार विजेत्यांच्या नजरेने इतिहास पाहतात, हा आयझाया बर्लिन यांचा आक्षेप त्यामुळेच जिव्हारी लागणारा होता. १९३८ मध्ये बर्लिनपुढे आणि नंतर मॉस्कोपुढे त्यांची लेखणी सारखीच मऊ झाली, असे टीकाकार म्हणत आले. जे घडले ते घडण्यामागे बळ होते, हे दाखवताना जे घडले ते योग्यच होते असा भास निर्माण होणे, हा वास्तववादाचा जुना धोका आहे. कार त्यातून सुटले नाहीत.

याच इतिहासलेखनातील अनुभवातून १९६१ मधील केंब्रिजची व्याख्याने जन्मली. ‘व्हॉट इज हिस्ट्री?’ या नावाने ती पुस्तकरूपात आली आणि जगभर पसरली. वस्तुस्थिती आपण होऊन बोलत नाही, इतिहासकार तिची निवड करतो. म्हणून इतिहास वाचण्यापूर्वी इतिहासकार वाचावा, हा त्यातील विचार भारतातील विद्यापीठांतही चांगलाच रुजला. महाराष्ट्रात इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्यांपैकी कित्येकांना कार यांची पहिली ओळख याच लहानशा पुस्तकातून झाली. हाच निकष कार यांना लावला तर म्युनिकविषयीच्या वगळलेल्या ओळी त्यांच्या चरित्रातील महत्त्वाची वस्तुस्थिती ठरतात.

३ नोव्हेंबर १९८२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी अभ्यासलेला सोव्हिएत संघ त्यानंतर नऊ वर्षांनी इतिहासजमा झाला. ‘द ट्वेन्टी इयर्स क्रायसिस’ मात्र आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासक्रमात टिकून राहिले.

अ‍ॅबरिस्टविथच्या विभागाने २०१९ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. कार यांच्या स्मरणार्थ तेथे व्याख्यानमाला सुरू झाली आणि त्यांच्या नावाचे अध्यासनही निर्माण झाले. डेव्हिस यांच्या स्मृत्यर्थ लंडनमध्ये स्थापन झालेली संस्थाही एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी याच विभागात आली. हयातभर एकमेकांशी न पटलेली दोन नावे अशा रीतीने एका छपराखाली नांदू लागली. युद्ध थांबले पाहिजे ही डेव्हिस यांची तळमळ आणि युद्धे का होतात हे आधी नीट पाहा हा कार यांचा आग्रह, यांपैकी एकाला निवडून दुसऱ्याला टाकण्याची पाळी त्या विभागावर आली नाही. १९३६ मध्ये निवड समितीने देणगीदाराची मर्जी राखली असती, तर ती कदाचित आली असती.